रतन ओव्हाळच्या पापण्या

हडपसरच्या त्या कारखान्यात रतन ओव्हाळला चेहऱ्याने ओळखणारी माणसं थोडी होती. आवाजाने मात्र सगळे ओळखायचे. जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि बोर्डासमोर ती. लग्नानंतर वर्षाच्या आत ती तिथे बसली. पुढे नवरा गेला, मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, तरी तिची खुर्ची तीच राहिली. मालकांच्या घरून फोन आला की पलीकडच्या नुसत्या खाकरण्यावरून ती ओळखायची, थोरले आहेत की धाकटे. बाहेरगावचे व्यापारी म्हणायचे, "ओव्हाळबाई, तुमचा आवाज ऐकला की माल वेळेवर येणार असं वाटतं." त्यातला एक जण एकदा कारखान्यात आला, मुद्दाम जिन्याखाली डोकावला आणि "अच्छा, तुम्ही होय!" एवढंच म्हणून गेला. रतनने ते मनाला लावून घेतलं नाही. बोर्डाला चेहरा लागत नव्हता.

मग दिवस पालटले. बाहेरचा माल स्वस्त येऊ लागला, कारखान्याची भट्टी थंड पडली आणि ओतशाळेच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. तीत कॉम्प्युटरची कंपनी आली. जुने कामगार पांगले. टेलिफोनचा बोर्ड भंगारात गेला. त्याच्या जागी जी डबी आली तिला माणूस लागत नव्हता, फक्त आवाज लागत होता. म्हणून रतनला एका बंद खोलीत बसवून तिचा आवाज भरून घेतला. "नमस्कार. आपला फोन आमच्यापर्यंत पोचला आहे. कृपया थोडं थांबा." हेच हिंदीत, हेच इंग्रजीत. त्या दिवशी रतनने आनंदाने पेढे वाटले. आपण आपल्या जागेवर दुसऱ्याला बसवून आलो, हे तिला पेढे संपल्यावर उमगलं.

जुन्या मालकांनी शब्द टाकला म्हणून नव्या कंपनीने तिला ठेवून घेतलं आणि थेट दारासमोरच्या टेबलावर बसवलं. आल्यागेल्याला नमस्कार करायचा, नाव विचारायचं, गळ्यात घालायचा पास द्यायचा. काम सोपं होतं. पण तिथे चेहरा लागत होता.

आणि रतनच्या चेहऱ्यावर पापण्या होत्या. तिच्या माहेरच्या सगळ्यांच्याच पापण्या जड. पन्नाशी ओलांडल्यावर वरची कातडी जास्तच सैल पडली आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढावं तशी डोळ्यांवर उतरली. खाली पिशव्या आल्या. ती टक्क जागी असायची आणि समोरच्याला झोपलेली दिसायची. कुरिअरवाला म्हणायचा, "बाई, एवढी सही करा, मग परत झोपा." परदेशातून आलेल्या एका पाहुण्याने तर हळूच विचारलं होतं, की यांच्या घरी कुणी वारलंय का.

ती गोष्ट चैतालीच्या कानावर गेली. चैताली कंपनीत एचआर, म्हणजे माणसांचं खातं बघायची. रतनच्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिने रतनला आत बोलावलं, चहा मागवला.

"रतन मॅम, डोन्ट माइंड हं. तुम्ही खूप सिन्सिअर आहात. पण वरती चाललंय की फ्रंट डेस्क एजन्सीला देऊन टाकायचं. मेच्या मध्यावर यूएसची टीम येतेय, सोमवारी. तोपर्यंत तुम्ही जरा फ्रेश दिसलात ना, तर मला तुमच्यासाठी बोलता येईल."

"मी रात्री नऊलाच झोपते हो."

"तेच ना," चैताली अवघडून म्हणाली. "तरी तसं दिसत नाही."

रतनने काकडीच्या चकत्या ठेवून पाहिल्या, चहाचा गार चोथा फडक्यात बांधून पाहिला. ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून तिने एकदा बोटाने पापणी वर उचलली. आतून जिन्याखालची रतन बघत होती. बोट काढलं की ती जायची. मुलगी भाग्यश्री नाशिकला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, घरात म्हातारी सासू होती, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं? ते टेबल गेलं की सगळंच गेलं. त्या आठवड्यात तिने हातातल्या पाटल्या मोडल्या.

सासू सुंदराबाई, रतन त्यांना आत्या म्हणे. आत्यांनी सुनेचे मोकळे हात पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "हातातलं डोळ्यावर चढवलंस म्हण की."

दवाखाना सदाशिव पेठेत होता, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. दारावर पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्यात. चोरीला गेल्यास आत शोधू नयेत.' डॉक्टर अनिरुद्ध केतकर बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी तिची पापणी बोथट चिमट्यात धरून किती कातडी जास्तीची आहे ते पाहिलं, पेनाने रेघ ओढली, समोरून आणि बाजूने फोटो काढले. डोळे कोरडे पडतात का, साखर आहे का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, सगळं विचारलं.

"आणि हे कशासाठी करून घेताय?"

"नोकरीसाठी."

"मी कातडी काढतो, ओव्हाळबाई. नोकऱ्या लावत नाही."

मग डॉक्टरांनीच आवाज खाली आणला. "हे बघा. थकलेलं दिसणं कमी होईल. वय कमी होणार नाही. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या तशाच राहतील. पहिले काही दिवस आपण आरशात बघाल तेव्हा मला शिव्या द्याल. गालापर्यंत काळंनिळं उतरतं."

"दोन आठवड्यांत टेबलावर बसता येईल का?"

"बहुतेकांना येतं. त्यातला 'बहुतेक' घरी घेऊन जा."

निघताना त्यांनी बजावून सांगितलं. उशा रचून, डोकं उंच ठेवून झोपायचं. गार पट्ट्या ठेवायच्या, बर्फ थेट लावायचा नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. धुणं, केर, फरशी दुसऱ्याकडे द्यायची. काजळ विसरायचं. "आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त टणक सुजला, कळ थांबेना झाली, दिसायला कमी आलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. सरळ निघायचं."

रतनने ऑफिसात सांगितलं, गावी दिराच्या मुलाचं लग्न आहे. रामटेकडीच्या उतारावर तिची वस्ती होती. तिथे सांगितलं, डोळे आलेत. डोळे आले म्हटलं की कुणी उंबऱ्यात पाय ठेवत नाही. तिला तेच हवं होतं.

ऑपरेशन जागेपणीच झालं. पापणीत सुई टोचली तेव्हा डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. मग सगळं बधिर. दुखत नव्हतं, पण कुणीतरी शिवणाचं कापड ओढावं तसं ओढलेलं कळत होतं. मधेच केस जळल्यासारखा वास आला. रक्त थांबवायला डॉक्टर बारीक रक्तवाहिन्या डागत होते, तो स्वतःच्याच कातडीचा वास होता. रतन मनात बोर्डावरचे जुने नंबर म्हणत पडून राहिली.

घरी आल्यावर तिला वाटलं, आपण झालो मोकळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेचनात. मलमाने पापण्या चिकटल्या होत्या. उघडल्या तेव्हा सगळं तुपाच्या थरातून बघितल्यासारखं. आत्यांनी आरसा लपवला होता, तो तिने शोधून काढला. समोर एक अनोळखी बाई होती. डोळ्यांच्या जागी दोन जांभळे फुगवटे, त्यांवर काळ्या टाक्यांची रांग, आणि खाली निळा रंग गालांवर ओघळलेला.

"लपवला होता कशापायी?" आत्या म्हणाल्या. "न्हाई ते बघतीस अन् मग रडतीस. रडू बी नको म्हणलाय न्हवं डाक्टर?"

"रडू नको असं नाही म्हणाले."

"म्हणाया पायजे हुतं."

आत्या पट्ट्या पिळून द्यायच्या. पंचाऐंशी वर्षांची बाई, हात थरथरायचे, पण पट्टी बरोबर जागेवर पडायची. रतन मनात सोमवारपर्यंतचे दिवस मोजत राहायची. सूज उतरेल, टाके निघतील, निळं पिवळं होईल, पिवळ्यावर पावडर बसेल. थोडा गॉगल लावू, उन्हाने डोळे दुखतात म्हणू. झोपेत डोळे पूर्ण मिटत नव्हते. मधेच जाग आली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि तरी ती आनंदली, कारण बुबुळाच्या वर आता पांढरं दिसू लागलं होतं. उजव्या डोळ्यात जरा जास्तच.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी वैशाखी पौर्णिमा आली. विहार दोन गल्ल्या पलीकडे. दर वर्षी रतन संध्याकाळी पांढरी साडी नेसून पुढच्या ओळीत बसायची. वंदना तिच्याच आवाजात सुरू व्हायची. या वर्षी शकू नावाची शेजारीण सुरू करणार होती आणि शकूला सुराची पट्टी सापडत नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. लाउडस्पीकर लागला. पहिल्याच ओळीला शकूचा आवाज वर चढला आणि तिथेच अडकला.

"मेली," रतन म्हणाली आणि उठली.

तिने भिंतीवरच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली. आत्या पलीकडे खुर्चीत बसून हात जोडून होत्या. रतनने हलक्या आवाजात त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. मग नेहमीप्रमाणे गुडघे टेकले, कोपरं टेकली आणि कपाळ फरशीला लावलं. एकदा बुद्धाला. एकदा धम्माला. एकदा संघाला. लहानपणापासून शरीर आपोआप खाली जायचं. त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. तिसऱ्या वेळेला ती लवकर उठली नाही. गार फरशीवर कपाळ बरं वाटत होतं.

"मागू नको काय," मागून आत्या म्हणाल्या. "हितं मागत नसत्यात."

"मागत नाही. एक सोमवारच आठवतेय."

उठताना उजव्या डोळ्यात काहीतरी कोमट सुटल्यासारखं वाटलं. घटकाभरात पापणी ताणू लागली. आधीची सूज मऊ होती, पिठाच्या गोळ्यासारखी. ही टणक होती, कच्च्या पेरूसारखी. टाक्यांच्या मधून रक्ताचा थेंब आला. मग कळ सुरू झाली, डोळ्यामागून, खोलवरून, थांबायचं नाव नाही. रतनने गार पट्टी दाबली, काढली, पुन्हा दाबली. तिला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं आणि ते आठवू नये म्हणून ती धडपडत होती. शेवटी तिने दोन बोटांनी उजवी पापणी फाकवली, डावा डोळा झाकला आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं. महिन्याचं ठळक नाव धुरात गेलं होतं.

"आत्या, दिसत नाहीये नीट."

आत्या उठल्या, काठी घेतली. "मी श्यामला हाक मारती."

श्याम समोरच्याच चाळीत राहायचा. कंपनीची माणसं आणण्या-नेण्याची गाडी त्याच्याकडे होती.

"श्याम नको! ऑफिसात कळेल. रिक्षा बघा."

"रस्त्यावर मांडव घातलाय, हितं रिक्षा कुठनं येतीया? त्याची गाडी पल्याड हमरस्त्याला हाय."

"त्यांना मी गावी गेलेय म्हणून सांगितलंय, आत्या. सोमवार जाईल हातातला."

"नोकरी जाईल का डोळा जाईल, येक काय ते बोल."

रतन खाटेच्या कडेला बसून राहिली. बाहेर वंदना संपून खीर वाटणं सुरू झालं होतं. पळ्यांचे आवाज येत होते. डोळा गेला तर कुठल्या टेबलावर कोण बसवणार आहे, हे तिला जरा उशिराच सुचलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि चपला शोधू लागली. त्या समोरच होत्या.

गल्ली पांढऱ्या साड्यांनी भरली होती. पदर कितीही ओढला तरी चालताना वाट दिसायला हवी, म्हणून चेहरा उघडा पडलाच. बोलणी एकेक करून थांबत गेली. शकू खिरीचं पातेलं घेऊन उभी होती.

"अगं बाई! डोळ्यांची साथ ही अशी असते?"

"शकू, वंदना चांगली म्हटलीस," रतन म्हणाली आणि पुढे गेली.

गाडीत बसल्यावर श्यामने आरशातून मागे बघितलं. "ताई, कुणी हात उचलला का? नाव सांगा फक्त."

"नाही रे बाबा."

"तरुण व्हाया गेली हुती," आत्या म्हणाल्या. "गाडी हाण."

रतनने श्यामच्या मोबाइलवरून डॉक्टरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "या. दार उघडं ठेवतो." मग तोच मोबाइल वाजला. चैताली विचारत होती, गाडी कुठे आहे, सात वाजता मला न्यायचं होतं ना. श्यामने फोनवर हात ठेवला. सिग्नलला गाडी थांबली होती.

"ताई, काय सांगू?"

रतनच्या तोंडात एकही सबब आली नाही. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या सबबी जोडून दिल्या होत्या: साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब बाहेर गेलेत.

"सांग. दवाखान्यात नेतोय म्हणावं. पापण्यांचं ऑपरेशन केलंय म्हणावं."

श्यामने सांगितलं. मग चैताली म्हणाली, "ओके. मी रिक्षाने जाते."

डॉक्टरांनी तिला खुर्चीत मागे रेलवलं, डोळ्यात उजेड मारला, बोटं किती विचारलं. एकदा तिचं चुकलं. त्यांनी भराभर दोन-तीन टाके उसवले. या वेळी बधिर व्हायला पुरेसा वेळ नव्हता. रतनने आत्यांचा हात धरला आणि तो वाळक्या काटकीसारखा हात तिने किती जोराने दाबला ते तिला नंतर आत्यांच्या मनगटावर दिसलं. जांभळासारखी एक गुठळी बाहेर आली. पुन्हा तो जळका वास. आणि मग ताण सैल झाला. कॅलेंडर इथेही होतं. त्यावरचे आकडे हळूहळू धुरातून वर आले.

"वाकलात?" डॉक्टरांनी हात धुताना विचारलं.

"नाही हो."

"वजन उचललंत? धुणं?"

"एक पेलासुद्धा उचलू दिला नाही आत्यांनी."

"वंदना केली तेवढी," आत्या म्हणाल्या.

डॉक्टर टॉवेल हातात धरून थांबले. "कपाळ टेकवून?"

रतनच्या ध्यानात तेव्हा आलं. वाकणं म्हणजे बादली, केरसुणी, लादी. त्याला तिने मनात वाकणं म्हटलं होतं; वंदनेला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

"मी फरशी पुसू नका म्हणालो," डॉक्टर म्हणाले. "तिच्यावर डोकं ठेवू नका असं म्हणायचं राहिलं. पुढच्या माणसाला सांगेन." मग खुर्ची ओढून समोर बसले. "वेळेत आलात. नजर राहील असं वाटतंय, रोज तपासू. पण या बाजूची सूज आता सावकाश उतरेल. काही आठवडे दोन डोळे दोन माणसांचे दिसतील. नंतर कदाचित थोडं पुन्हा करावं लागेल."

"सोमवारी नाही बसता येणार?"

"कुठल्याच जवळच्या सोमवारी नाही."

त्यानंतरचे दिवस तिने उशांना टेकून काढले. डावा डोळा झपाट्याने बरा झाला. टाके निघाले तेव्हा तो इतका स्वच्छ, मोठा उघडला होता की आत्या म्हणाल्या, "ह्यो माझ्या सुनंचा न्हाई, कुणा साहेबिणीचा हाय." उजवा जांभळा, अर्धा मिटलेला, कडेने पाणी गाळत. वस्तीतल्या बायका आता उघड येऊ लागल्या. कुणी हळद लावायला सांगितली, कुणी दूध. शकूने विचारलं, दोन्ही डोळ्यांचं एकदम का नाही केलं? दोन्ही एकदमच केलं होतं, हे रतनने तिला सांगितलं नाही.

श्यामकरवी चैतालीचा निरोप आला: मॅमना म्हणावं, विश्रांती घ्या, यायची घाई करू नका. रतनने तो निरोप श्यामला पुन्हा पुन्हा बोलायला लावला. 'घाई करू नका' म्हणताना मॅडम हसत होत्या का? कागदाकडे बघत होत्या का? श्यामला काही सांगता येईना. आवाजावरून माणूस ओळखणारी रतन दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या शब्दांत चाचपडत राहिली.

तो सोमवार उजाडला. दहा वाजून गेले तसं तिला राहवेना. तिने घरातला फोन मांडीवर घेतला आणि पाठ असलेला नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला कुणीतरी उचलला.

"गुड मॉर्निंग, फ्रंट डेस्क, हाऊ मे आय हेल्प यू?" आवाज कोवळा होता, उत्साहाने जरा धापलेला.

"मी रतन ओव्हाळ बोलतेय."

"कुठून, मॅम?"

"तिथूनच," रतन म्हणाली. मग स्वतःला सावरलं. "चैताली मॅडम आहेत का? तुम्ही कोण?"

"मी नवीन आहे, मॅम, एजन्सीकडून. आजच जॉइन केलं. चैताली मॅम यूएसच्या टीमबरोबर आहेत. होल्ड करता का प्लीज?"

"बाळ, श्वास घेऊन बोल. घाईत बोललीस की समोरच्याला वाटतं आपण त्याला घालवतोय."

"थँक यू, मॅम," मुलगी गोंधळून म्हणाली आणि बटण दाबलं.

टक् झालं. मग रतनच्या कानात एक बाई बोलू लागली. शांत, भरलेला, कसलीही घाई नसलेला आवाज. नमस्कार म्हणाला. मग हिंदीत म्हणाला, मग इंग्रजीत, आणि पुन्हा पहिल्यापासून. रतनने फोन ठेवला नाही. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते डोळ्याचंच होतं, डॉक्टर म्हणाले होते काही दिवस येईल.

आत्या भाजी निवडत होत्या. बराच वेळ सुनेकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

"मीच."

"आन् काय म्हणतीस?"

"थांबा म्हणतेय."

आत्यांनी मान हलवली आणि मेथीची जुडी रतनच्या पुढ्यात सरकवली. रतनने फोन कान आणि खांद्यात धरला, मान पुढे न वाकवता, आणि चाचपत पानं खुडू लागली.